मित्राचा मसुदा वाचताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील कनिष्ठ विद्यार्थ्यांना लेखनात मदत व्हावी म्हणून आम्ही तृतीय वर्षाच्या काही जणी आठवड्यातून दोन दुपारी ग्रंथालयात बसू लागलो आहोत. प्रकल्प अहवाल, निबंध, शिष्यवृत्तीचे अर्ज, काहीही घेऊन या, असे आम्ही सांगितले आहे. मुले येतात, पण बहुतेक जण कागद पुढे सरकवून ‘ताई, एवढं नीट करून दे ना’ म्हणतात आणि मोबाइल पाहत बसतात. आमच्या एका प्राध्यापकांच्या मते हा कॉपीचाच प्रकार आहे, शिवाय लेखन शिकवणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे. आम्ही काय करावे?
— कला शाखेची एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : प्राध्यापकांच्या आक्षेपात दोन मुद्दे आहेत आणि त्यांतला दुसरा मला मुळीच पटत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकाला प्रवेशाची दारे खुली केली, तेव्हा पूर्वी ज्यांनी महाविद्यालयाचा विचारही केला नसता अशी असंख्य मुले वर्गांत आली आणि त्यांचे लेखन वाचून अध्यापक हबकून गेले. मदतीसाठी नेमलेल्या जाणकारांकडे मात्र ही मुले फिरकेनात, कारण ती मदत म्हणजे त्यांना पुन्हा वर्गच वाटे. तेव्हा विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात शिकवणारे केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांचे मसुदे वाचायला बसवले. शिकायचे ते तेच राहिले, बदलले ते शिकण्याचे वातावरण, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि मसुदे वाचणाऱ्यांचे स्वतःचे लेखनही त्यामुळे सुधारले, हेही त्यांनी नोंदवले आहे. आपल्याकडे वेगळे काय आहे? ‘मला हा विषयच कळला नाही’ हे वाक्य वर्गात साठ जणांसमोर उच्चारणे ज्या मुलीला अशक्य असते, ती ते तुमच्यापाशी सहज बोलून जाते.

कॉपीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, त्यापुढे सुधारित प्रत पुन्हा सादर करण्यापासून ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहेत. पण हे साम्य संगणक मोजतो, आणि मैत्रिणीने नव्याने लिहून दिलेला परिच्छेद त्याच्या जाळ्यात कधीच सापडणार नाही. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून दाखवणे हा गुन्हा त्यामुळे मिटत नाही, म्हणून ही मर्यादा तुम्हांलाच पाळावी लागेल. त्यासाठी एकच नियम पुरेसा आहे : मसुद्यावर पेन चालेल ते मसुदा लिहिणाऱ्याचे. तुमच्या हातात पेन नसेल, तर समोरच्याला मोबाइल खाली ठेवावाच लागतो.

मग तुम्ही करायचे काय? वाचायचे, आणि जिथे अडाल तिथे विचारायचे. समजा, बचत गटांवरच्या प्रकल्पात एखाद्याने लिहिले आहे : ‘आजच्या युगात बचत गटांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले असून त्यामुळे ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.’ व्याकरणात खोट काढण्यासारखे या वाक्यात काहीच नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. कारण ते लिहायला गावात जाण्याची गरजच नव्हती. त्याला विचारा, ‘तू ज्या बायकांना भेटलास, त्या काय म्हणाल्या?’ तो थोडा घुटमळेल आणि मग सांगू लागेल, की एकीने गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतले, हप्ते ती स्वतःच फेडते, पण मशीन विकायचे की ठेवायचे हे नवरा ठरवतो. ‘हे अहवालात कुठे आहे?’ एवढेच पुढे विचारा. तो म्हणेल, ‘हे पण लिहायचं असतं?’ बोलता बोलता आलेले हे शब्द त्याच वेळी त्याला कागदावर उतरवायला सांगा, कारण उद्या तो पुन्हा ‘अनन्यसाधारण’कडे वळेल. (पाठ्यपुस्तकांनी आणि आम्हा मासिकवाल्यांनीच मुलांना या शब्दाची सवय लावली आहे, हे मान्य करायला हवे.)

शुद्धलेखनाला हात शेवटी घाला. जो परिच्छेद उद्या वगळायचा आहे त्यातली वेलांटी आज सुधारून काय उपयोग? आणि तेव्हाही प्रत्येक चूक दाखवत बसू नका. चुका बहुधा एकाच जातीच्या असतात. एखादी मुलगी ‘फूलांचा’, ‘मूलांना’, ‘बहीणीला’ असे लिहीत असेल, तर तिच्या चुका तीन नाहीत, एकच आहे : फूल, मूल, बहीण यांतला दीर्घ स्वर शब्दाला प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, हे तिला ठाऊक नाही. साहित्य महामंडळाचे नियम फार थोडे आहेत, ते छापून टेबलावर ठेवा. एक नियम एका चुकीवर समजावून द्या आणि तशा बाकीच्या चुका तिलाच शोधू द्या.

अहवाल इंग्रजीत द्यायचा असेल, तर मुद्दा आधी मराठीत बोलून घ्यावा. इंग्रजी कच्चे आहे म्हणून विचारही कच्चा आहे असे मुलांना वाटू लागते, आणि तो गैरसमज मराठीत पाच मिनिटे बोलल्याने दूर होतो. इंग्रजी परिच्छेद कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणला असेल, तरी ‘या वाक्यात तुला काय म्हणायचं आहे?’ हा प्रश्न विचारता येतोच. उत्तर आले नाही, तर ते वाक्य त्याचे नाही हे त्यालाही कळते.

प्रश्न : आमच्याकडे असाच उपक्रम सुरू आहे. ज्यांचे लेखन कच्चे आहे त्यांना तेथे जाणे सक्तीचे करून, कोण आले व काय चर्चा झाली याचा अहवाल मदतनीस विद्यार्थ्यांकडून घ्यावा का?
— एक अध्यापक, नाशिक

उत्तर : दोन्ही टाळावे. ‘कच्च्यांचा वर्ग’ असे नाव एकदा पडले, की चांगले लिहिणारी मुले यायची बंद होतात आणि उरलेली मान खाली घालून येतात. वास्तविक सुवर्णपदक मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपला मसुदा वाचायला कोणीतरी लागतोच. चर्चा आपल्यापर्यंत पोहोचते असे कळले, तर मुले तिथे तेवढेच बोलतील जेवढे आपल्यासमोर बोलतात. आपल्याला हिशेब हवा असेल, तर कितीजण आले आणि कोणत्या प्रकारचे लेखन घेऊन आले एवढ्या नोंदी नावांशिवाय मागवाव्यात. याहून उपयुक्त म्हणजे प्रकल्पाच्या वेळापत्रकात अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी कच्चा मसुदा दाखवण्याची एक तारीख घालावी. नाहीतर सारी मुले सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी एकदमच येतील, आणि त्या वेळी मुखपृष्ठावरचे नाव बरोबर आहे का, यापलीकडे कोणी काही पाहू शकणार नाही.