सांकेतिक कोड्यांची सुरुवात कशी करावी

कथेभोवती गुंफलेल्या कोड्यांच्या खेळात पहिल्याच सांकेतिक कोड्याने भांबावून जाणे स्वाभाविक आहे, तेव्हा धीर सोडू नका. उलगडा करण्याची घाई न करता मजकूर कोणत्या चिन्हांनी बनला आहे ते आधी पाहा. केवळ ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे असतील, तर तो बहुधा हेक्स (सोळा चिन्हांत माहिती लिहिण्याची पद्धत) असतो. लहानमोठी रोमन अक्षरे व अंक मिसळलेले असून शेवटी बरोबरची चिन्हे असतील, तर बेस-६४ चा (६४ चिन्हांत माहिती लिहिण्याच्या पद्धतीचा) संशय घ्यावा. या दोन्हींना किल्ली, म्हणजे उलगड्यासाठीचा गुप्त शब्द किंवा अंक, लागत नाही.

निव्वळ अक्षरे असतील, तर कोणते अक्षर किती वेळा आले ते मोजा. इंग्रजीत ‘ई’ सर्वाधिक येतो. एखादे अक्षर तसेच ठळकपणे पुढे असेल, तर प्रथम सीझर सायफर तपासा, कारण त्यात सर्व अक्षरे वर्णमालेत सारख्याच अंतराने सरकवलेली असतात आणि तसे सरकवण्याचे अवघे २५ पर्याय असतात. सर्व अक्षरे जवळपास सारखीच आढळली, तर व्हिजनेरसारखी, किल्लीशब्दानुसार अक्षरे वेगवेगळ्या अंतराने सरकवणारी पद्धत असू शकते आणि तिचा किल्लीशब्द अनेकदा कथेतच, एखाद्या पात्राच्या नावात किंवा चित्राच्या शीर्षकात, दडवलेला असतो. म्हणूनच कथा न वाचता केवळ साधने चालवत बसणे ही नवोदितांची सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

याखेरीज तीन गोष्टी पाळा:

- मूळ फाइल जपून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये तिचा मेटाडेटा (फाइलसोबत साठवलेली तिच्याविषयीची माहिती) उरत नाही.
- फसलेले प्रयत्नही नोंदवा, म्हणजे इतरांचे श्रम वाचतील.
- खेळाबाहेरील व्यक्तींचा माग कधीही काढू नका.

ध्वनीत लपवलेली चित्रे वगैरे प्रकार तूर्त बाजूला राहू द्या.