अमरिलिसचं बी पेरताय? मग हे ऐका

ताई, अमरिलिस या कांद्यापासून (कंदापासून) येणाऱ्या फुलझाडाचं बोंड, म्हणजे बियांची शेंग, हिरवं असताना तोडू नका. परागीकरणानंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत ते पिवळं पडून तडकतं, तेव्हा काढा. आतल्या काळ्या, कागदासारख्या चकत्या म्हणजेच बी. एकेक उजेडासमोर धरून बघा. मधे फुगीर ठिपका दिसला तर त्यात जीव आहे, बाकीचं फोल. आणि हे बी डबीत जपून ठेवायचं नाही. ताजं असतानाच पेरायचं. शिळं झालं की उगवण झपाट्याने घटते.

मी पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर बी तरंगत सोडते. दोन-तीन आठवड्यांत बारीक मूळ दिसतं, मग कुंडीत लावते. पण आपल्या सोलापुरात बोंडं पिकतात ती नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीपार! गच्चीवर ठेवाल तर दुपारपर्यंत रोपांचा पापड होईल. पूर्वेची खिडकी बघा. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपं बुडाशी कुजतात. पहिल्या वर्षी माझी निम्मी अशीच गेली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वाळू, थोडं गांडूळखत पुरे.

मोठ्या कांद्याला पाणी तोडून देतो तशी विश्रांती या बियांच्या रोपांना पहिली २ वर्षं देऊ नका, पानं हिरवी राहू द्या. फूल ३-४ वर्षांनी. रंग आईसारखाच येईल असं नाही. मला तर तीच गंमत वाटते. आणि हो, हा कांदा विषारी असतो, स्वयंपाकघरातल्या टोपलीशेजारी ठेवू नका.