मटेरियल्ससाठी गणित कोणतं घेऊ?

प्रश्न: दादा, मी नागपूरला मेटलर्जीच्या थर्ड इयरला आहे, पुढे कॉम्प्युटेशनल मटेरियल्समध्ये एमटेक-पीएचडी करायचंय. रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, न्यूमेरिकल लिनिअर अल्जिब्रा, पीडीई (पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन्स) यातले दोनच घेता येतात, कोणते घेऊ?

उत्तर: न्यूमेरिकल लिनिअर अल्जिब्रा तर डोळे झाकून घे ना भाऊ, कारण डीएफटीत (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉन डेन्सिटीवरून मटेरियलचे गुणधर्म काढायची पद्धत) १९६५ ची कोन-शॅम समीकरणं सोडवायची म्हणजे शेवटी भल्यामोठ्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढणंच असतं आणि तेही इलेक्ट्रॉन डेन्सिटी बदलायची थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. दुसरा पीडीई, डिफ्यूजन, फेज-फील्ड (मटेरियलमधले फेज कसे बदलतात-वाढतात त्याचं मॉडेल) सगळं त्यावरच चालतं. ग्रुप थिअरी भारीच, पण २३० स्पेस ग्रुप (क्रिस्टलच्या सिमेट्रीचे प्रकार) क्रिस्टलोग्राफीत भेटतातच, लागेल तेवढी तिथेच शिकशील. रिअल ॲनालिसिस? प्रूफची हौस असेल तरच. आणि हो, पायथन उन्हाळ्यातच उरकून टाक, मे महिन्यात दुपारी तसंही बाहेर कोण पडतं इथं!