लेथवर केलेला वाडगा शोभेचा कशाने होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभरापासून तुम्ही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, लाकडाचे वाडगे करता, ते वापरण्याजोगे होतात, पण बाहेरच्या अंगाला दोन जागी लाकूड उसवल्यासारखे खरखरीत राहते, दोन वाडगे वाळता वाळता तडकले, आणि कितीही घासून पॉलिश केले तरी शोभेची वस्तू म्हणून मांडावे असे रूप काही त्यांना येत नाही. मी सोळा वर्षांपासून हे काम करते आहे आणि पहिली काही वर्षे माझेही वाडगे असेच होत असत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे स्पष्ट मत असे आहे की वाडग्याचे रूप पॉलिश पेपर हातात घेण्याच्या आधीच ठरून गेलेले असते. बाहेरचे वळण साधले असेल आणि ते तंतूंची दिशा ओळखून, धारदार हत्याराने कापलेले असेल, तर उरलेले काम फार थोडे राहते. ते बिघडले असेल, तर दिवसभर घासूनही ते सुधारत नाही.

आधी त्या उसवलेल्या जागांबद्दल. वाडगा हातात घेऊन पाहा, त्या दोन जागा एकमेकींच्या बरोबर समोर आहेत असे तुम्हाला आढळेल. वाडग्यासाठी आपण लाकूड साधारणपणे असे बसवतो की त्याचे तंतू लेथच्या अक्षाला काटकोनात असतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्याराच्या धारेला दोनदा तंतूंची लांबी सामोरी येते आणि दोनदा त्यांची टोके. लांबीवर काप सहज बसतो. टोकांशी मात्र, मागे आधार नसेल तर, तंतू कापले न जाता वाकतात आणि मुळापासून उपटले जातात. काड्यांची जुडी बाहेरच्या बाजूने छाटताना सुरी आतून बाहेर ओढली तर कडेच्या काड्या नुसत्या पसरतात, आणि बाहेरून आत दाबली तर मागच्या काड्यांच्या आधाराने स्वच्छ तुटतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बाहेरचे अंग कापताना नेहमी बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे यायचे, आणि आतले पोकळ करताना काठाकडून मध्याकडे जायचे. या दिशेने प्रत्येक तंतूला त्याच्या मागच्या तंतूचा आधार मिळतो. तुमच्या वाडग्याच्या खरखरीत जागा बाहेरच्या अंगालाच असतील, तर तुम्ही बहुधा काठाकडून बुडाकडे कापत आहात. दिशा बदलून पाहा. निम्मी तक्रार तिथेच संपेल.

उरलेली निम्मी धारेची असते. बाउल गाऊज, म्हणजे वाडगे कातण्याचे पन्हळीदार हत्यार, पाजळण्याची माझी सवय सुरुवातीला अशी होती की हत्यार कापेनासे झाले की ते ग्राइंडरवर न्यायचे. आता मी शेवटच्या कापाआधी ते न चुकता पाजळते, मग ते चांगले चालत असले तरीही. शेवटचा काप अर्धा मिलिमीटरपेक्षा जाड नको. तो घेताना मूठ अंगाला टेकवून ठेवावी आणि हातांनी ढकलण्याऐवजी पायांवरचा भार एका बाजूकडून दुसरीकडे नेत सगळ्या शरीराने हत्यार पुढे न्यावे. त्या वेळी धारेमागचा उतार, म्हणजे बेव्हल, लाकडावर हलका टेकलेला असावा. आधी बेव्हल टेकवायचा, मग मूठ हळूच वर उचलत धार लाकडात उतरवायची. हे साधले की भुसा उडायचा थांबतो आणि गाऊजच्या पन्हळीतून लांब, वळसेदार ढलप्या सुटू लागतात. आवाजही बदलतो, खरखर जाऊन एकसारखा सुस्कारा ऐकू येतो. एवढे करूनही एखादे हट्टी लाकूड टोकांशी उसवत असेल, तर त्या भागावर पाणी शिंपडून तंतू मऊ करावेत आणि लगेच तो शेवटचा काप घ्यावा. आणखी एक, हे जरा आग्रहाने सांगते: खांब किंवा पाय कातण्यासाठी जो रुंद रफिंग गाऊज मिळतो, तो वाडग्यावर कधीही लावू नका. त्याचा मुठीत शिरणारा भाग चपटा आणि अरुंद असतो, वाडग्यात धार अडकली तर तो तिथेच मोडतो.

आता वळण. शोभेच्या वाडग्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि सर्वांत कमी लक्ष दिले जाते तेही हिच्याकडेच. सुरुवातीच्या बहुतेक वाडग्यांमध्ये दोन दोष दिसतात. एकतर बूड फार रुंद ठेवलेले असते, कारण चकमध्ये, म्हणजे लेथवर लाकूड जबड्यांत धरणाऱ्या भागात, पकड घट्ट बसावी अशी भीती मनात असते. आणि दुसरे म्हणजे काठापासून निघालेली रेषा पोटापर्यंत नीट येते, पण बुडाजवळ अचानक आत वळते, जणू तिथे घाई झाली. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण वाडगा त्याला जड वाटतो. दोरी किंवा बारीक साखळी दोन्ही टोकांनी धरून लोंबकळत सोडली की जो झोका तयार होतो, तो एकदा कागदावर उतरवून घ्या. त्यात कुठेही सपाटी नसते, कुठेही अचानक मोड नसतो. दोन्ही हात जवळ आणले की झोका खोल होतो, लांब नेले की पसरट होतो, आणि प्रत्येक वेळी तो डोळ्यांना बरोबरच वाटतो. मी आजही नवा आकार ठरवताना साखळीचे वळण पुठ्ठ्यावर काढून कापून घेते आणि लेथ थांबवून तो पुठ्ठा वाडग्याला लावून पाहते. बुडाची बैठक व्यासाच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडी कमी ठेवावी. त्यामुळे वाडगा टेबलावरून किंचित उचलल्यासारखा दिसतो आणि त्याच्याखाली सावली पडते.

वळण तपासायला डोळ्यांपेक्षा हात बरा. लेथ बंद करा, डोळे मिटा आणि तळवा बुडापासून काठापर्यंत संथपणे फिरवा. जिथे सपाटी आहे तिथे तळवा क्षणभर रेंगाळतो, उंचवटा असेल तर तो बोटांच्या पेरांना आधी कळतो. त्या जागेवर पेन्सिलीने खूण करा आणि तो उंचवटा वेगळा खरवडत न बसता, पुन्हा बुडापासून काठापर्यंत एकच अखंड काप घ्या. तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त केलेले वळण नेहमी तुकड्यांचेच दिसते. जुन्या चांगल्या कामांची छायाचित्रे पाहतानाही मी आधी फक्त बाह्यरेषा बघते. लाकूड कातणारे अमेरिकन कलाकार जेम्स प्रेस्टिनी (1908–1993) यांच्या पातळ, निराभरण वाडग्यांना न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात स्थान मिळाले, आणि त्यांत नक्षी अजिबात नाही, आहे ते फक्त वळण आणि भिंतीची नेमकी जाडी. तिथलेच दुसरे कलाकार बॉब स्टॉक्सडेल (1913–2003) यांचे लहान बैठकीचे वाडगे याच कारणासाठी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहेत. कोरीवकाम, रंग, जाळी किंवा जळकी नक्षी यांना माझा विरोध नाही, मी स्वतः कधी कधी काठाखाली बारीक कोरीव पट्टा घेते. पण मूळ आकार साधा असताना जो वाडगा आवडत नाही, तो नक्षीने आवडू लागतो असे मला कधी आढळलेले नाही.

लाकडावरच्या रेषांची नक्षीही आकाराचाच भाग आहे आणि ती ओंडका कापतानाच ठरते. ओंडका मधोमध उभा चिरून त्याच्या अर्धकाचा वाडगा करताना काठ सालीच्या बाजूला ठेवला, तर आतल्या तळाशी वाढीची वलये लंबगोल होऊन एकात एक बसतात. काठ सालीच्या बाजूला ठेवला, तर तीच वलये दोन्हीकडे पाठ फिरवलेल्या कमानींसारखी दिसतात. दोन्ही सुंदरच दिसतात. मात्र ठोकळा थोडा जरी तिरका बसला तरी लंबगोल एका बाजूला सरकतात आणि वाडगा वाकडा केल्यासारखा दिसतो. म्हणून फेसप्लेटचे, म्हणजे ठोकळा ज्या चकतीने लेथवर बसवतो तिचे, स्क्रू आवळण्यापूर्वी ठोकळा लेथच्या दोन टोकांमध्ये धरून, दोन्ही बाजूंची वलये समान उंचीवर येईपर्यंत सरकवून घ्यावा. यासाठी दहा मिनिटे गेली तरी हरकत नाही.

तडकण्याचे कारण बहुतेक वेळा लाकडातले पाणी असते. ओले लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाही: वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आकसते, आणि तंतूंच्या लांबीत तर जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीत झाडाचा अगदी मध्य, म्हणजे गाभ्याची बारीक नळी, ठोकळ्यात राहिली असेल तर चीर हमखास तिथूनच निघते. त्यामुळे ओंडका चिरताना ती नळी आणि तिच्या आजूबाजूचे दोन-तीन सेंटिमीटर लाकूड काढून टाकावे. त्यानंतर वाडगा दोनदा कातावा. पहिल्यांदा ओल्या लाकडाचा जाड कच्चा वाडगा करावा आणि त्याची भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवावी, म्हणजे 25 सेंटिमीटरच्या वाडग्याला 2.5 सेंटिमीटर. महत्त्वाचे हे की तळही तेवढाच जाड हवा. तळ 5 सेंटिमीटर आणि भिंत 2 सेंटिमीटर असेल, तर भिंत वाळून आकसते, तळ ओलाच राहतो आणि दोघांच्या मधोमध तडा जातो. मग तंतूंची टोके जिथे उघडी आहेत तिथे मेण लावून वाडगा त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत, वारा न लागणाऱ्या जागी ठेवावा. दर आठवड्याला त्याचे वजन करून बुडावर लिहीत जावे. वजन उतरायचे थांबले की तो वाळला. याला कित्येक महिने लागू शकतात आणि घाई करण्याचा चांगला मार्ग मला सापडलेला नाही. मागच्या खेपेला माझा 25 सेंटिमीटरचा वाडगा पिशवीतून काढला तेव्हा तो तंतूंच्या दिशेने 25 सेंटिमीटरच होता, पण आडव्या दिशेने 23.8 भरला. जाडी राखली होती म्हणूनच त्यातून पुन्हा पूर्ण गोल वाडगा निघू शकला.

चकची पकड आणि वेग यांबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण शोभेच्या कामात माणूस पातळ भिंतींच्या मागे लागतो आणि धोका वाढतो. व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले तर उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान यावे, असा या कामात एक ठोकताळा आहे. ठोकळा अजून असमतोल असेल तर त्याहूनही बरेच खाली राहावे. 25 सेंटिमीटरचा वाडगा 800 फेऱ्यांवर असताना त्याचा काठ ताशी सुमारे 38 किलोमीटर वेगाने धावत असतो. माझा एक वाडगा ऐन कामात चकमधून सुटून चेहऱ्यावरच्या ढालीवर आदळला होता. नंतर पाहिले तेव्हा कळले की चकच्या जबड्यात धरायचा खुंट मी गरजेपेक्षा लांब ठेवला होता. तो चकच्या तळाशी टेकला आणि वाडग्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर बसलाच नाही. खुंट थोडा आखूड आणि खांदा जबड्यांवर पक्का टेकलेला, एवढे प्रत्येक वेळी बघा. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल वापरा, हातमोजे घालू नका, आणि घासताना मास्क चुकवू नका. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 पासून कर्करोगकारक पदार्थांत धरलेले आहे.

घासण्याचे काम, काप स्वच्छ असेल तर, 150 नंबरच्या कागदापासून सुरू होते आणि 180, 240, 320, 400 असे एकही पायरी न गाळता पुढे जाते. वेग कमी ठेवावा. कागद तापला की तंतूंच्या टोकांशी केसासारख्या बारीक चिरा पडतात. पुढच्या पायरीला जाण्यापूर्वी दिव्याचा तिरका उजेड टाकून पाहावे, कारण तेल लावल्यावर प्रत्येक राहिलेला ओरखडा ठळक होतो. निव्वळ शोभेच्या वाडग्याला मी जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे बेलतेल, पातळ हाताने दोन-तीनदा लावते आणि ते पूर्ण वाळल्यावर मेणाचा हात देते. चकाकी मला फारशी आवडत नाही, तिच्यामुळे वळणावरची सावली तुटते. त्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शेवटी तुमच्या त्या तडकलेल्या दोन वाडग्यांचे काय करायचे, हेही तुम्ही विचारले आहे. त्यांत डिंक किंवा रेझिन भरत बसू नका. वाडगा काठावर पालथा ठेवून घट्ट आवळा आणि हातकरवतीने बुडाच्या मधोमध उभा चिरा. दोन्ही अर्धके पांढऱ्या कागदावर ठेवून छेदाची रेषा पेन्सिलीने उतरवून घ्या आणि भिंतीची जाडी काठापासून तळापर्यंत दर 2 सेंटिमीटरला मोजा. माझा अंदाज असा आहे की काठाशी जाडी ठीक असेल आणि भिंत तळाकडे वळते त्या कोपऱ्यात ती जवळजवळ दुप्पट झालेली असेल, कारण तिथे गाऊज टूल रेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या दांड्यापासून, लांब जातो, थरथरतो आणि हात आखडता घेतला जातो. तसे असेल तर पुढच्या वाडग्याला तिथे पोचण्यासाठी टूल रेस्ट वाडग्याच्या आत वळवून घ्या, आणि बेव्हल अधिक बोथट कोनात पाजळलेला दुसरा गाऊज फक्त त्या कोपऱ्यासाठी राखून ठेवा.