तिच्या वतीनं बोलणं कधी थांबवायचं?

"आमच्या मागे तिचं कसं होणार?" कर्णबधिर मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी आले की हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत निघतोच. मूल कधी चार वर्षांचं असतं, कधी चौतीस, धास्ती तीच. लहान मुलांच्या आईबाबांशी मी वेगळं बोलते. हे लिहितेय ते मुलं कमावती झाली तरी ज्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो त्यांच्यासाठी.

एका घरातलं सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. मुलगी सव्वीस वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी, नोकरीत रुळलेली. तिला दुसऱ्या शहरात बदली मिळत होती. तिथे तिच्यासारख्याच कर्णबधिर मैत्रिणीबरोबर राहायचं तिनं ठरवलं आणि घरात अबोला सुरू झाला. आधी आईबाबाच आले.

"रात्री कोणी दार वाजवलं तर? आग लागली तर? आणि तिला व्यवहारातलं काही कळत नाही हो, कोणीही फसवेल."

दार आणि आग यांची उत्तरं सोपी होती. बेल दाबली की दिवा लुकलुकतो, उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर मिळतो, धूर झाला की झगझगीत प्रकाश टाकून इशारा देणारी यंत्रंही असतात. बाबांनी सगळं लिहून घेतलं. आईंचा चेहरा होता तसाच राहिला. माहितीनं धास्ती क्वचितच जाते, ती नवा विषय शोधते. तिच्या बुडाशी आपणच धरलेला एखादा हट्ट असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार मला आजही रोज उपयोगी पडतो.

मी विचारलं, "समजा, फसवलं कोणी तिला. मग?"

"मला सहनच होणार नाही."

"आणि तिला?"

बराच वेळ गेला. "तिचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या भेटीला मुलीला बोलावलं आणि सांकेतिक भाषेची दुभाषीही ठेवली. "दुभाषी कशाला? मी आहे ना," असं आई म्हणाल्याच. मी ऐकलं नाही. दुभाषी माझ्या शेजारी, मुलगी आमच्या समोर, खिडकी आमच्या पाठीशी येणार नाही अशी. (पाठीमागून उजेड आला की चेहरे काळवंडतात, मग ओठही दिसत नाहीत आणि हातही नीट दिसत नाहीत.)

"घराचं कसं ठरवलंस?" मी मुलीला विचारलं. सवयीनं आईंनी तोंड उघडलं. मी हातानंच थांबवलं.

मुलगी बोलू लागली, आणि काय वेगात! अनामत किती, करारातलं कोणतं कलम तिनं बदलून घेतलं, दलाल फोनवरच बोलायचा हट्ट धरत होता तेव्हा "मेसेजच करा, लेखी राहतं" असं त्याला कसं सांगितलं. पूर्वी एका सहकाऱ्यानं उसने घेतलेले पैसे बुडवले, तेव्हापासून ती असं सगळं लेखी घेते.

"हे कधी झालं?" आईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"घरी आपण एवढं कुठे बोलतो? जेवलीस का, कधी येणार, छत्री घे. बाकीचे हसले आणि मी का म्हणून विचारलं, की 'काही नाही गं, नंतर सांगते.'"

दुभाषीनं हे शांतपणे मराठीत सांगितलं. बाबा खाली बघत राहिले. माझ्या मनात जुळलं ते तिथेच. या आई मुलीची समज मोजत होत्या ती घरातल्या संभाषणावरून, आणि ते संभाषण चालायचं ओठांवरून व मोजक्या घरगुती खुणांवर. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. एवढ्या भांडवलावर करारनाम्याची चर्चा कशी होणार? कमी पडत होती ती घरातली भाषा.

यात आईंचा दोष मी मानत नाही. बहुसंख्य कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, आणि "हातवारे करू नका, नाहीतर ती बोलायला शिकणार नाही" हा सल्ला त्यांना तज्ज्ञांनीच दिलेला असतो. त्याची मुळं १८८० च्या मिलानमधल्या, कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंत जातात. तिथे तोंडी शिक्षणाच्या, म्हणजे खुणांऐवजी बोलायला आणि ओठ वाचायला शिकवण्याच्या बाजूनं ठराव झाले. ते चुकले असं म्हणून खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडली.

आई रडल्या त्या नंतर, एकट्या असताना. "तिला बोलायला शिकवताना तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची. ती हलली की 'प' आला. वर्षानुवर्षं हेच केलं मी. आता माझं काय काम?"

खरं दुखणं हे होतं, आणि त्यावर कुठलंही यंत्र नाही. आम्ही सावकाश काम केलं. "तिला कधी त्रास होताच कामा नये" या हट्टाच्या जागी "त्रास होऊ नये असं मनापासून वाटतं, झालाच तर ती निस्तरेल आणि लागलं तर मला बोलावेल" इथवर त्या आल्या. कुटुंबांना या टप्प्यावर आणणं मला जमतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

तुमच्या घरी असंच असेल तर लोक तुमच्याकडे बघून मुलाबद्दल विचारतात तेव्हा तुम्ही मुलाकडे बघा आणि गप्प राहा. शांतता अवघडते, अवघडू द्या. डॉक्टरांकडे आईनं दुभाषी होऊ नये, मोठ्या माणसाला आईसमोर सांगायचं नसतं असंही काही असतं. मेसेजला उत्तर आलं नाही म्हणजे अपघात झाला असं नव्हे. बोलायची वेळ ठरवून घ्या आणि अधल्यामधल्या वेळी स्वतःला आवरा. नुसता फोन नंबर देणारी कार्यालयं खरोखरच छळतात, पण तिथेही आधी विचारा, "मी करू की तू बघतोस?" मुलाला आणखी काही अपंगत्व असेल तर आखणी वेगळी करावी लागते, ती समक्षच बोलू. आणि सांकेतिक भाषा आता तरी शिका. वय आड येत नाही. या आई साठीला टेकल्या आहेत. त्यांनी वर्ग लावलाय, आणि मुलगी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या चुका काढते तेव्हा त्या चिडतात.