मॅनेजर म्हणतात, तुमचा रिपोर्ट चालत नाही

प्रश्न : मॅडम, मी चार वर्षांपासून कारंजा (घाडगे) आणि आर्वी इथे वकिली करते. एका पक्षकाराला घरासाठी कर्ज हवं होतं, म्हणून त्याच्या प्लॉटचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) मी काढून दिला. बँकेचे मॅनेजर म्हणाले, "तुमचा चालत नाही, पॅनेलवरच्या वकिलाचाच लागतो." पक्षकाराला फी दोनदा पडली, मला मान खाली घालावी लागली. पॅनेलवर, म्हणजे बँकेच्या मान्य वकिलांच्या यादीवर, यायचं कसं? आणि एकदा आलं की नाव तिथे राहतं का?
– एक वकील, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर : लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. मॅनेजरवर चिडू नकोस. फी कर्जदाराच्या खिशातून जाते, पण पॅनेलचा वकील असतो बँकेचा. कर्जदाराच्या वकिलाने "सगळं ठीक आहे" लिहिलं तर बँकेने ते का मानावं? पुढे तुझं नाव पॅनेलवर आलं की ज्याचं खरेदीखत तू केलंस त्याचा सर्च तू करायचा नाही, हेही आत्ताच गाठीला बांध.

नाव येण्याचा रस्ता फारसा गूढ नाही. यादी शाखा करत नाही, ती प्रादेशिक किंवा विभागीय कार्यालयात मंजूर होते. शाखा फक्त शिफारस करते. सनद, पॅन, मागच्या काही वर्षांची आयकर विवरणपत्रं, वकील संघाचं पत्र आणि नमुन्यादाखल एकदोन रिपोर्ट, असा गठ्ठा लागतो. किती वर्षांचा अनुभव हवा, ते प्रत्येक बँकेचं धोरण ठरवतं, तेव्हा आधी तेवढं विचारून घे. मी सुरुवात एका पतसंस्थेपासून केली. फी इतकी कमी की नकलांच्या खर्चातच संपायची, पण दोन वर्षांत हाताखालून दीडशे फायली गेल्या. बँका एक झाल्या की याद्याही नव्याने होतात, हेही ध्यानात ठेव. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. अशा वेळी जुनं पत्र कपाटात आहे म्हणून स्वस्थ बसू नये, नव्या कार्यालयाला स्वतःहून कागद पाठवावेत.

आता टिकण्याचं. माझं नाव एकदा निघता निघता राहिलं, तेच सांगते.

२००३ सालची गोष्ट. गावाला लागून असलेल्या ले-आउटमधला प्लॉट. बँक तीस वर्षांचा सर्च मागते, मी १९७३ पर्यंत मागे गेले. दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूची दोनचे (नोंदवलेल्या दस्तांच्या याद्यांचे) खंड म्हणजे उन्हाळ्यात कापूस पिंजावा तसं काम. पान उलटलं की कोपरा हातात येतो. दोन दिवस बसले. खरेदीखतांची साखळी सरळ, अकृषक आदेश लागलेला, सातबारा कोरा. "निर्वेध व विक्रीयोग्य" लिहिलं, सही केली, फी घेतली.

२०११ मध्ये कर्ज थकलं, बँकेने लिलाव काढला आणि तहसीलमधून शर्तभंगाची नोटीस येऊन धडकली. मूळ वावर १९६८ मध्ये सरकारी पट्ट्याने मिळालेलं, भोगवटदार वर्ग २. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नव्हतं. सातबारा दर दहा वर्षांनी हाताने नव्याने लिहिला जायचा, त्यात कधीतरी तो शेरा गळाला. मी जिथे थांबले त्याच्या पाच वर्षं मागे खड्डा होता. बँकेचं पत्र आलं : आपले नाव पॅनेलवरून का कमी करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा.

खुलाशात मी खरं तेच लिहिलं. तीस वर्षांचा सर्च मागितला होता, तेवढा केला, पण धारणाधिकार (जमीन कोणत्या अटीवर मिळाली ते) तपासायला त्याहून मागे जायला हवं होतं, ते गेले नाही. सर्चच्या पावत्या आणि सूचीतल्या नोंदींची हस्तलिखित टिपणं जपून ठेवली होती, ती जोडली. १४ महिने एकही फाइल आली नाही. मग हळूहळू सुरू झालं. पावत्या नसत्या तर आज हे सदर लिहायला मी नसते.

तेव्हापासून वर्धा जिल्ह्यातलं वावर असो की प्लॉट, मी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमीन कोणाकडे, कोणत्या हक्काने, याची जुनी नोंद) काढल्याशिवाय सही करत नाही. आपल्याकडे हे जास्तच लागतं. वर्धा नदीच्या अलीकडे मध्य प्रांताची मालगुजारी (गावाचा सारा मालगुजार गोळा करायचा) होती, ती १९५१ मध्ये संपली. पलीकडे कौंडण्यपूरच्या बाजूला गेलं की वऱ्हाड, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. दोन्हीकडच्या जुन्या कागदांची भाषाच निराळी. त्यात नझूल (सरकारी मालकीची जागा), त्यात आदिवासी खातेदाराची जमीन, त्यात भूदान. विनोबांचं पवनार आपल्याच जिल्ह्यात, आणि भूदानात मिळालेलं वावर विकता येत नाही, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. पुण्या-मुंबईच्या साच्यातला रिपोर्ट इथे उपयोगी नाही.

दुसरं, फेरफार वाच. नुसता नंबर उतरवू नकोस. एका फेरफारात लिहिलं होतं, "बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नावे कमी." पटवाऱ्यासमोरच्या जबाबाने हक्क सुटत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. मी तसं लिहिलं. कर्जदार दारात येऊन म्हणाला, "बहिनी काही म्हनत नाही जी मॅडम, राखीले येतातच ना." सोबत संत्र्यांचं कॅरेट. संत्री परत पाठवली. (घरी नातू तीन दिवस बोलला नाही.) तिन्ही बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलं, कर्जही झालं, फक्त मार्चऐवजी जूनमध्ये.

मार्चचा विषय निघालाच आहे तर : "टार्गेट आहे, जरा बघा" असा फोन तुलाही येईल. अशा वेळी रिपोर्ट लवकर द्यावा, पण सौम्य करू नये. अर्धवट "अमुक कागदाच्या अधीन राहून" लिहून मोकळं होणारे वकील मॅनेजरला आवडतात, पण कर्ज बुडतं तेव्हा तो मॅनेजर बदलून गेलेला असतो आणि तोच रिपोर्ट तिसऱ्याच माणसाच्या टेबलावर जातो. तारण घेऊ नये असं वाटलं तर तेवढंच एक वाक्य स्पष्ट लिहावं. गेल्या वर्षी मी असे अकरा लिहिले, नाव अजून यादीवर आहे.

सूची कोरी म्हणजे गहाण नाही, असंही समजू नकोस. मूळ कागद ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणं महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीची अशी गहाणं सूचीत दिसतीलच असं नाही. म्हणून मूळ खरेदीखत स्वतः हातात घ्यावं, कार्यालयातून त्याची नक्कल काढावी आणि शिक्के, पानं, सह्या जुळवाव्यात. "मूळ प्रत घरी कुठेतरी आहे" असं कोणी म्हणालं की पेन खाली ठेवावा. ती प्रत बहुधा दुसऱ्या बँकेत असते.

भीतीचंही सांगते, कारण पत्रात नाही लिहिलंस तरी मनात असेल. कर्ज फसलं म्हणजे वकील तुरुंगात, असं नाही. सीबीआयने एका पॅनेल वकिलाला आरोपी केलं होतं, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की निव्वळ हलगर्जीपणा म्हणजे कट नव्हे, वकील फसवणुकीत सामील होता हे दाखवावं लागतं. पण हलगर्जीपणा व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकतो. शिवाय फसवणुकीत हात असलेल्या वकिलांची, मूल्यांकनकारांची नावं बँका इंडियन बँक्स असोसिएशनला (बँकांच्या संघटनेला) कळवतात आणि ती सगळ्या बँकांत फिरतात. एका बँकेचं दार बंद झालं तर दुसरं उघडेल, हा हिशोब तिथे चालत नाही.

प्रश्न : माझं घर गावठाणात आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ माझ्या नावाने आहे, कर आजवर भरला आहे. तरी पॅनेलच्या वकिलांनी रिपोर्ट उलटा दिला. आता काय करू?
– एक वाचक, ता. आर्वी

उत्तर : भाऊ, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. घरात कोण राहतं, कर कोण भरतं एवढंच त्यातून कळतं, मालकी त्यातून सिद्ध होत नाही. वकिलांनी बरोबर केलं. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आखीव पत्रिका (घराच्या जागेच्या हक्काचा नकाशासह उतारा) तयार झाली का, ते विचारा. झाली असेल आणि नाव अजून वडिलांचंच असेल, तर आधी वारसांची नोंद करून घ्या, मग बँकेत जा. आणि गावाबाहेरचं वावर तारण देतो, असं मॅनेजरला सुचवणार असाल तर थांबा. घरासाठीच्या कर्जाला बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. पत्रिकेची नक्कल मिळाली की त्याच वकिलांकडे न्या. उलटा रिपोर्ट त्यांनी दिला असला, तरी तुमची फाइल त्यांना पाठ आहे.