प्रश्न वाचकांचे : तिच्या केमोच्या दिवसांत मी काय करू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातला, ४८ वर्षांचा शेतकरी आहे. सात एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया श्रावणात नागपूरला झाली आणि आता केमोथेरपी सुरू आहे. दर २१ दिवसांनी जावे लागते, दोन वेळा झाले. पहिल्या वेळेनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत तिचे केस गेले आणि तेव्हापासून ती कोणाशी धड बोलत नाही. आरशावर तिने लुगड्याचा तुकडा टाकून ठेवला आहे. मी "काही होत नाही, हिंमत ठेव" म्हटले की ती भिंतीकडे तोंड करून झोपते. माझी आई तिचे ताट वेगळे ठेवते आणि एका वैदूचे चूर्ण द्या म्हणून मागे लागली आहे. पाहायला येणाऱ्यांची रीघ असते. गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला मी वीस वर्षांपासून जातो, पण आजकाल डोळे मिटले की खर्चाचा हिशेबच दिसतो. वेचणी तोंडावर आली आहे, मुलगी दहावीला आहे. मित्रांना मी काही सांगितलेले नाही, कारण आपले दुःख आपणच काढावे असे वाटते. तिला आधार कसा देऊ?
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : भाऊ, आपले दुःख आपणच काढावे, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले आणि एका शेतकऱ्याने ते लिहावे याचे मला फार वाईट वाटले. पेरणीचा वाफसा निघून जात असला की आपण शेजाऱ्याची बैलजोडी मागायला लाजत नाही, आणि तोही उद्या आपली मागायला लाजत नाही. घरात केमो चालू असणे हा तसाच, वेळ साधण्याचा काळ आहे. वेचणी, नागपूरच्या चकरा, मुलीची शाळा, दारी येणारी माणसे ही सगळी कामे दुसऱ्यांना वाटून देता येतात. वहिनींच्या जवळ बसण्याचे काम मात्र तुमच्याऐवजी कोणी करू शकणार नाही, म्हणून बाकीची कामे वाटून त्या कामासाठी वेळ मोकळा करा, एवढेच मला मुख्यत्वे सांगायचे आहे.

"काही होत नाही" हे शब्द मीही वापरलेले आहेत. माझ्या यजमानांच्या केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, त्यांतल्या पहिल्या तीन फेऱ्यांत मी दिवसातून दहा वेळा तसे म्हणत असे. एका रात्री ते शांतपणे म्हणाले, "तू काही होत नाही म्हणतेस, मग मला जे होतं ते मी कोणाला सांगू?" त्यांना पाणी लोखंडासारखे लागत होते, स्टीलच्या चमच्याने घास घेतला की मळमळत होते, आणि हे त्यांनी मला आठवडाभर सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी लाकडी चमचा दिला आणि संध्याकाळी नुसते विचारू लागले, "आज कुठं त्रास झाला?" त्यानंतर त्यांचे बोलून होईपर्यंत मी गप्प राहत असे, उपाय सुचवण्याची घाई करीत नसे. तुम्हीही असे करून पाहा. आरशावरचे कापड तुम्ही काढू नका, त्या काढतील तेव्हा काढतील. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा येऊ लागतात हे मात्र त्यांना सांगा, आणि नर्सने सांगितले आहे असे म्हणून सांगा, कारण धीर देण्यासाठी नवरा काहीही बोलेल असे बायकोला वाटत असते.

आता एका गोष्टीबाबत मी हट्ट धरणार आहे. घरात डिजिटल थर्मामीटर नसेल तर आजच आणा. औषध चढवल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि त्या दिवसांत आलेला ताप जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला किंवा हुडहुडी भरली, तर तापाची गोळी देऊन सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर फोन करा आणि ते सांगतील तिकडे निघा. रात्री दोन वाजता गाडी कोण काढील हे आजच ठरवून ठेवा. ज्या मित्राला तुम्ही अद्याप काहीच सांगितलेले नाही, त्याच्याकडे चारचाकी असेल तर त्याला सांगण्याचे हे एवढे कारण पुरे आहे. १०८ चा क्रमांकही दाराच्या मागे लिहून ठेवा.

तुमच्या आईंविषयी. कर्करोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बरे, म्हणून पुढच्या फेरीला एकदा त्यांना सोबत न्या. औषध दिल्यानंतरचे पहिले ४८ तास उलटी, लघवी आणि त्यांनी भिजलेले कपडे हातमोजे घालून हाताळावेत, कारण औषधाचा अंश शरीरातून बाहेर पडत असतो. ही काळजी औषधामुळे आहे, आजारामुळे नाही, हा फरक त्यांना समजला की ताट आपोआप एकत्र येईल. चुर्णाला मात्र स्पष्ट नकार द्या. केमोची मात्रा रक्त आणि यकृताच्या तपासण्या पाहून ठरवतात. जिच्यात काय आहे हे माहीत नाही अशी पूड पोटात गेली तर यकृतावर ताण येऊ शकतो आणि पुढची फेरी लांबणीवर पडू शकते. माझ्या अनुभवाने सासूला नुसता नकार पचत नाही, तिच्या हाती काहीतरी सोपवावे लागते. उकळून गार केलेले पाणी, ताज्या ज्वारीच्या कण्या, मुगाचे मऊ वरण, चालत असेल तर पूर्ण उकडलेले अंडे, आणि तोंड आले असेल त्या दिवसांत ठेच्याला सुट्टी, हे खाते आईंच्या स्वाधीन करा. चूर्ण देऊ पाहणाऱ्या त्या हातांना सुनेसाठी काहीतरी करायचेच आहे.

श्रद्धेबद्दल तुम्ही थोडे अपराधी वाटून लिहिले आहे. तुमचे गुरुदेव सेवा मंडळ ज्यांनी स्थापन केले त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना स्वतःला अखेरच्या काळात कर्करोगाने गाठले होते, १९६८ साली मोझरीला त्यांनी देह ठेवला, आणि नागपुरातील एक कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. प्रार्थना करणाऱ्याने दवाखान्याची पायरी चढू नये असे त्या परंपरेत कोठेही नाही. प्रार्थनेत हिशेब दिसत असेल तर दिसू द्या, पण जाणे सोडू नका. तेथे तुमच्या शेजारी बसणारी माणसेच उद्या तुमचा कापूस वेचायला येतील. वहिनींना काय हवे ते मात्र त्यांना विचारा. पहिल्या वेचणीला सीतादही पुजण्याचा मान दरवर्षी त्यांचा असेल, तर फेरीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, अंगात ताकद असेल आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, त्यांना बांधावर सावलीत खाट टाकून बसवा आणि पूजा त्यांच्या हातून होऊ द्या. वेचायला मात्र बसवू नका. शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला बोंडाच्या टोकाचा साधा ओरखडाही सुजेचे निमित्त होऊ शकतो. डोक्यावरचे गाठोडे आणि त्या हातात सुई, दोन्ही टाळावे. शेगावला जायचा नवस असेल तर गर्दीचे दिवस टाळून, उपचार संपल्यावर फेडावा.

पाहुण्यांसाठी तुमची बहीण किंवा भावजय ओसरीत बसवा. एका वेळी दोनच माणसे, पंधरा मिनिटे, सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच रामराम करावा. हे बाईने सांगितले की कोणी रागावत नाही. "अमकीला हाच होता, ती गेली" असे सुरू करणाऱ्यांना मधेच थांबवण्याची मुभा तिला द्या.

पैशांचे थोडक्यात सांगते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. तुमचे प्रकरण मंजूर आहे का, हे रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवून विचारा.

मुलीपासून काही लपवू नका. तिच्या वर्गशिक्षकांना मात्र जाऊन भेटा, आणि आईचा रोजचा ताप वहीत लिहिण्याचे काम तिला द्या. माझ्याकडची तशी वही अजून कपाटात आहे. तिच्यात तारीख, ताप, खाल्ले काय, आणि शेवटच्या रकान्यात यजमानांच्या अक्षरात कधी कधी "आज बरं" असे लिहिलेले आहे.

प्रश्न : माझ्या शेजारणीच्या पतीची केमो चालू आहे. विचारले की ती "सगळं ठीक आहे" म्हणते. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, जिल्हा वाशीम

उत्तर : "काही लागलं तर सांग" असे म्हणू नका, कारण ती सांगणार नाही. "उद्याच्या भाकरी माझ्याकडून" असे सांगून निघून या. ती दोघे नागपूर-अकोल्याहून केमो करून परततात त्या दिवशी रात्र झालेली असते. त्यांच्या म्हशीचे दूध काढून ठेवा, अंगणातला दिवा लावा, चुलीवर गरम पाणी ठेवा आणि ती आली की बसू नका, घरी जा.